मेलेला कोपरा

घरातल्या माणसाला घरातल्या घरात न सापडण्याचा हक्क असावा काय? जुन्या वाड्यांत हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर बांधकामातच होते. माळा होता, बळद होते, कोठीची खोली होती. रुसलेली सून तिथे जाई, परवचा न आलेला नातू तिथे जाई, आणि सावकार दारात आला की खुद्द आजोबाही तिथेच जात, असे ऐकून आहे.

आमच्याकडे हा प्रश्न चिरंजीवांनी आणलेल्या खोक्यातून निघाला. खोक्यात तीन पांढऱ्या डब्या. दिसायला थेट साबणाच्या. त्यांना म्हणे 'मेश' म्हणतात. मेश म्हणजे जाळी. आमचे घर पुण्यात पेठेतले, मधली भिंत दीड फूट विटांची. बाहेरच्या खोलीतल्या राउटरचा सगळा जोर त्या भिंतीपाशी संपतो, आणि जो काही पलीकडे निभावतो तो हिच्या लोखंडी कपाटावर आपटून माघारी येतो. चिरंजीवांनी सांगितलेले शास्त्र असे : या लहरींच्या मुख्य दोन जाती. २.४ गिगाहर्ट्झवाली सावकाश चालते पण भिंत ओलांडते; ५ वाली तुरुतुरु पळते आणि भिंत आली की दमते. (हल्लीच्या पिढीकडे पाहता मला हे लगेच पटले.) म्हणून एकट्या राउटरने घसा फोडण्यापेक्षा अंतराअंतरावर डब्या ठेवायच्या. पहिली दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. नाव एकच, पासवर्ड एकच. आपण या खोलीतून त्या खोलीत गेलो की फोन एकीच्या हातून दुसरीच्या हाती. आमच्या लहानपणी आळीतल्या काकू हेच काम करीत. कोपऱ्यावर काय केले ते आम्ही घरी पोचायच्या आत आईला कळलेले असे, आणि तेही विजेशिवाय!

पहिल्या दोन डब्यांना कुणाची हरकत नव्हती. तिसरी घेऊन तो मागे निघाला आणि म्हणाला, "बाबा, कोठीची खोली तेवढी डेड झोन आहे. ही लावली की संपलं."

डेड? तीन वर्षांपूर्वी याची नोकरी गेली, तेव्हा हा त्याच खोलीत तांदळाच्या डब्यावर दोन तास बसून होता. तिथे मोबाइलची एक कांडीही येत नाही. मित्र, सासुरवाडी, बँक, कुणीही त्याला तिथे गाठू शकले नाही. मी लसूण आणायला म्हणून गेलो आणि लसूण न घेताच अर्धा तास उभा राहिलो. जे बोलायचे ते त्याने तिथेच सांगितले. पहिल्यांदा मला, मग बाहेर येऊन सगळ्यांना. ती जागा मेलेली म्हणायची तर जिवंत कुठली?

"मग फोन बंद ठेवायचा," चिरंजीव म्हणाले. हे तितके सोपे नाही. फोन बंद ठेवला की 'का बंद होता?' याचा जबाब द्यावा लागतो. भिंतीला कुणी जाब विचारत नाही. कचेरी सुटल्यावर फोन न उचलण्याच्या हक्कासाठी फ्रान्सने २०१७ पासून कायदा लागू केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशाच अर्थाचे खासगी विधेयक मांडले. एवढी खटपट कचेरीपासून वाचण्यासाठी! मायेच्या माणसांपासून वाचवणारे कलम मात्र कुठल्याच कायद्यात नाही. आमच्या आजोबांनी ते विटांत बांधून ठेवले होते.

पण हिचे म्हणणे वेगळे. "उद्या मी त्या कोठीत स्टुलावरून घसरले तर माझी हाक कुणाला ऐकू जाणार आहे? तुमच्या टीव्हीला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. साठीनंतर न सापडण्याचा हक्क आणि वेळेवर सापडण्याची गरज एकाच खोलीत राहायला येतात, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही.

तूर्त तिसरी डबी स्वयंपाकघरात फ्रिजवर बसली आहे. उंबरठ्यापर्यंत पोचते, तांदळाच्या डब्यापाशी हाय खाते. कोठीत हिने देवघरातली जुनी घंटा टांगली आहे. पडले तर वाजवीन म्हणते. घंटेला पासवर्ड नाही.

परवा शनिवारी संध्याकाळी चिरंजीव "तूरडाळ किती उरलीय बघतो" म्हणून आत गेले. फोन जेवणाच्या टेबलावर गुरगुरत होता. चाळीस मिनिटे झाली. डाळीच्या डब्यात एवढे बघण्यासारखे काय आहे, हे हिने विचारले नाही. मी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.