शेवटचा हात

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण सहज म्हणतो. पण फांदी आपल्या दारातली असेल तर कावळ्याला सोडत नाही. प्लंबर नळ दुरुस्त करून गेला आणि संध्याकाळी गिझर बंद पडला, की पहिला फोन प्लंबरलाच जातो. फोनची स्क्रीन बदलून आणली आणि आठवड्यात बॅटरी लवकर उतरायला लागली, की आपण त्याच दुकानासमोर जाऊन उभे राहतो. आधी नीट होतं, याने हात लावला, आता बिघडलं, म्हणजे यानेच बिघडवलं. हा तर्क कधी कधी बरोबरही निघतो, म्हणूनच तो सुटत नाही.

मला मात्र त्याच्या पुढचा प्रश्न पडतो. संशय घ्यायला काही खर्च येत नाही. तो खरा आहे का, हे पाहायला येतो. तो खर्च कोणी करायचा?

हा प्रश्न आमच्या घरी आला तो क्लचमुळे. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात गिअरची गाडी चालवणाऱ्यांना क्लचचं दुखणं नवीन नाही. घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ, शिळफाट्याची रांग, कल्याणचा पत्रीपूल. जुना पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात तिथून रोज गाडी नेलेल्या माणसाला हाफ क्लच म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पेडल पूर्ण दाबलेलंही नाही आणि पूर्ण सोडलेलंही नाही, अशा अवस्थेत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहते. त्या वेळी क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घासत असते, तापत असते, झिजत असते. इथल्या गॅरेजांना क्लचचं काम कधी कमी पडत नाही.

बाबांची गाडी दहा वर्षांची, छोटी हॅचबॅक. क्लच घसरायला लागला होता. इंजिनाचा आवाज वाढायचा, पण गाडी त्या मानाने पळायची नाही. डोंबिवली एमआयडीसीजवळच्या एका गॅरेजमध्ये नवा क्लच सेट बसवला. गाडी घरी आली, छान ओढायला लागली आणि दुसऱ्याच दिवशी बाबांच्या लक्षात आलं, की पेडलवर पाय ठेवला की तळव्याला थरथर जाणवते. सिग्नलवरून गाडी उचलताना ती आणखी वाढते.

बाबांचा निष्कर्ष तयार होता. मिस्त्रींचंही उत्तर तयार होतं, पण ते उत्तर नव्हतं, प्रश्न होता. "काका, तुम्ही म्हणाल तर आत्ता गिअरबॉक्स उतरवतो. पण आत काहीच निघालं नाही तर?"

हे वाक्य धमकीसारखं ऐकू येऊ शकतं. बाबांना तसंच वाटलं. मला मात्र त्या वेळी गॅरेजमध्ये बोलल्या गेलेल्या सगळ्या वाक्यांत ते सर्वांत प्रामाणिक वाटलं.

त्यातला पेच कळायला क्लचचं काम थोडं कळायला हवं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं दाबतं, पकड सुटते आणि इंजिन चाकांपासून वेगळं होतं. म्हणजे पेडल हे आपल्या तळव्यापासून थेट त्या फिरत्या भागापर्यंत पोचणारं टोक आहे. आतलं बरंच काही तिथे जाणवतं, पण कुठून आलं ते कळत नाही.

प्रेशर प्लेटचे बोल्ट सारखे आवळले नसतील, तर बोटं एका पातळीत राहत नाहीत आणि बेअरिंग टेकताच पेडल थरथरतं. ही बसवणाऱ्याची चूक. नवा सेटच सदोष असेल, तर ती कंपनीची. फ्लायव्हीलवर उष्णतेचे डाग पडलेले असतील आणि लेथवर फेसिंग मारून घेतलं नसेल, तर पकड घेताना गाडी हादरते. पण अनेकदा "एवढ्यातच भागवा" असं गिऱ्हाइकानेच सांगितलेलं असतं, मग ती कोणाची? क्लच केबल इंजिनाला कुठे घासत असेल, तर इंजिनाची नेहमीची थरथर तिच्यातून पेडलपर्यंत येते. प्लेट नवी असली की पहिले काहीशे किलोमीटर ती नीट बसेपर्यंत थोडं अडखळणं होतं, ती कोणाचीच चूक नाही. आणि शेवटची शक्यता इंजिन फाउंडेशनची. इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर तोलून धरणारे हे रबराचे जोड जुने झाले, की इंजिन हलतं. घसरणाऱ्या जुन्या क्लचमध्ये हा दोष झाकलेला राहू शकतो. नवा क्लच घट्ट पकडतो आणि दोष उघडा पडतो. दुरुस्तीने बिघाड केला असं वाटतं, प्रत्यक्षात तिने तो दाखवलेला असतो.

एकाच थरथरीची इतकी कारणं, आणि प्रत्येकाचा धनी वेगळा.

आपल्याकडे या गोंधळाचा विचार फार पूर्वी झाला आहे. न्यायशास्त्रात कारण कशाला म्हणायचं, यावर बारकाईने चर्चा आहे. कार्याच्या आधी असणं एवढं पुरत नाही. ते नेहमी आधी असायला हवं, आणि त्याच्यावाचून कार्य घडत असेल तर त्याला कारण म्हणता येत नाही. तिथलं प्रसिद्ध उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं आहे. माती वाहून आणणारं गाढव मडकं घडण्याआधी तिथे हजर होतं, हे खरं. म्हणून ते मडक्याचं कारण होत नाही. माती दुसऱ्या कशानेही आली असती. अशा गोष्टीला नैयायिक अन्यथासिद्ध म्हणतात. आणि खरं कारण ओळखायची त्यांची रीत अन्वय-व्यतिरेकाची: हे असतं तेव्हा ते असतं का, आणि हे नसतं तेव्हा ते नसतं का, दोन्ही तपासायचं.

माझ्या कामातही हेच चालतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. गिट नावाच्या साधनात "ब्लेम" नावाची आज्ञाच आहे. कोडच्या कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला, हे ती दाखवते. नाव "दोष" असलं तरी ती दोष दाखवत नाही, फक्त शेवटचा हात दाखवते. त्या माणसाने कदाचित नुसती मोकळी जागा नीट केली असेल. तरी आम्ही तिथूनच सुरुवात करतो आणि ते बरोबरही आहे. शेवटचा बदल ही शोध सुरू करायला चांगली जागा आहे. गडबड होते ती तिथेच शोध थांबवला की.

पण इथे सॉफ्टवेअर आणि गॅरेज यांच्यात मोठा फरक आहे. आम्ही संशयित बदल मागे घेऊन पाहतो. काही मिनिटांत कळतं, खर्च नगण्य. हल्ली अनेक कंपन्यांत काही कोसळलं, की "दोष कोणाचा ते नको, कारण शोधू" अशा बैठका होतात. चांगलीच गोष्ट आहे. मात्र ती आम्हाला परवडते, कारण बैठकीत काहीही निघालं तरी एक तारखेला पगार येतो. गॅरेजमध्ये तोच शोध घ्यायचा, तर गाडी वर घ्या, ड्राइव्ह शाफ्ट काढा, गिअरबॉक्स उतरवा, पाहा आणि सगळं परत बसवा. अर्धा-एक दिवस जातो. दोन माणसं त्यात गुंततात, रॅम्प अडतो, बाहेर दुसरी गाडी थांबून राहते. तिथे "कारण शोधू" म्हणणाऱ्याने मजुरीचंही बोलायला हवं.

मग कोणाची मजुरी? गिऱ्हाइकाची बाजू लंगडी नाही. मी ज्ञान विकत घेतलं आहे, म्हणतो तो. आत काय आहे ते मला दिसत नाही, तुलाच दिसतं. तू उघडून "सगळं ठीक आहे" म्हणालास, तर मी खरं-खोटं कसं करू? आणि चूक तुझी असेल, तर ती सिद्ध करण्याचा भुर्दंड मला का? मिस्त्रीची बाजूही तेवढीच भक्कम आहे. प्रत्येक संशयावर फुकट उघडायचं ठरवलं, तर महिन्याला चार दिवस तो दुसऱ्यांच्या शंका फेडत बसेल. कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागता येते. पण तिथेही त्रुटी होती हे तक्रारदाराला दाखवून द्यावं लागतं, नुसती वेळ जुळली एवढं पुरत नाही. म्हणजे फिरून आपण त्याच प्रश्नापाशी येतो.

मला यावर एकच न्याय्य वाट दिसते. उघडण्याच्या आधी ठरवायचं. आत काय निघालं तर ते कोणाचं, हे पाहण्याआधी दोघांनी बोलून घ्यायचं. बोल्ट असमान निघाले, तर सगळं मिस्त्रीचं. सेट सदोष निघाला, तर त्याने दुकानदाराशी भांडायचं. काहीच निघालं नाही, तर मजुरी गिऱ्हाइकाची. उघडताना गिऱ्हाइकाने समोर उभं राहायचं. पाहिल्यानंतर ठरवायला गेलं, की प्रत्येकाला आपल्या सोयीचं दिसतं. आणि त्याच्याही आधी, ज्या चाचण्यांना पैसे पडत नाहीत त्या सगळ्या करून घ्यायच्या.

आमच्याकडे त्या झाल्या. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पाय नुसता टेकवला: थरथर आहे. पेडल पूर्ण दाबलं: तेवढीच आहे. बोटांचा दोष असता तर दाबाबरोबर काहीतरी बदललं असतं, असं मिस्त्री म्हणाले. केबल हाताने बाजूला धरली: फरक नाही. मग बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकाच सोडला. इंजिन जागेवर उसळलं. रिव्हर्समध्ये उलट्या बाजूला उसळलं. त्यांनी वाकून एका फाउंडेशनचं रबर दाखवलं, ते फाटलेलं होतं. मग विचारलं, "काका, एसी लावल्यावर सिग्नलला गाडी आधीपासून हलायची का?" बाबा थोडं थांबून म्हणाले, "हलायची. जुनी गाडी आहे, चालायचंच."

म्हणजे कारण मिस्त्री नव्हते. गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. पण गिअरबॉक्स उतरवताना तिकडचं फाउंडेशन सोडवावंच लागतं. ते रबर त्यांच्या हातात येऊन गेलं होतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. बाबांनाही गाडी हलते हे माहीत होतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. बिघाड दोघांनी केलेला नव्हता, तो दहा वर्षांच्या रस्त्यांनी केला होता. पण प्रत्येकाकडे अर्धी माहिती होती आणि ती स्वतःजवळच राहिली.

कारण आणि जबाबदारी या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. नैयायिकांच्या कसोटीवर मिस्त्री सुटतात. माझ्या मते जबाबदारीतून पूर्ण सुटत नाहीत. ज्याला कमी कष्टात कळू शकत होतं, त्याने सांगायला हवं होतं. "हे रबर जात आलंय, बदलायचं का?" एवढं एक वाक्य. तोच नियम लावला, तर बाबांवरही थोडा भार येतो, पण कमी, कारण हलण्याचा अर्थ काय हे कळणं त्यांचं काम नव्हतं. शेवटी पार्टचे पैसे बाबांनी दिले, मजुरी मिस्त्रींनी घेतली नाही. बाबांना अजून वाटतं त्यांनी जास्त दिलं, मिस्त्रींनाही बहुधा तसंच वाटत असेल.

या सगळ्यात एक रस्ता न घेतलेला राहिला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "अमुक गॅरेजला जाऊ नका" एवढं लिहिलं असतं, तर त्याला एक पैसा पडला नसता. नकाशावर एक तारा द्यायलाही पडत नाही. ती वाक्यं बहुतेक वेळा चाचणीच्या आधी लिहिली जातात आणि चाचणीनंतर कोणी परत जाऊन पुसत नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचं गिऱ्हाईक मात्र त्या चार शब्दांवर तुटतं, आणि ते का तुटलं हे त्याला कळतही नाही. तपासाचा खर्च कोणी करायचा, याचं उत्तर आपण न दिल्यास ते असं आपोआप ठरतं. ज्याला उत्तर द्यायची संधीच मिळत नाही, तो भरतो.