दार उघडल्यावर वाट कोणाची पाहावयाची?



देवाच्या घराचें दार हुकुमानें बंद असतें तेव्हां आपल्या विवेकापुढें फारसा प्रश्न नसतो. दार उघडलें म्हणजे प्रश्न उभा राहतो. सन २०२० च्या मार्चअखेर करोनाच्या सांथीमुळें आपल्या देशांतील सर्व धर्मांचीं उपासनास्थानें बंद झालीं. महाराष्ट्रांत तीं त्या वर्षाच्या १६ नोव्हेंबरास, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यास, उघडलीं. दुसरी लाट आल्यावर २०२१ च्या एप्रिलांत पुन्हां बंद झालीं. आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेच्या दिवशीं, पुन्हां उघडलीं. बंद करण्याचा हुकूम वरून आला. तो पाळला म्हणजे कर्तव्य झालें. परंतु उघडण्याच्या हुकुमानें केवळ मोकळीक मिळाली. त्याबरोबर कांहीं नियम आले खरे, पण म्हाताऱ्यांनीं यावें कीं न यावें, मोठ्यानें गावें कीं न गावें, प्रभुभोजनाचा प्याला कसा द्यावा, मुलांची शब्बाथशाळा केव्हां भरवावी, हें पुष्कळ अंशीं मंडळीसच ठरवावें लागलें. ती सांथ आतां ओसरली आहे. तरी प्रश्न जुना झालेला नाहीं. कारण सांथी पुन्हां येतात, आणि त्या दिवसांत घेतलेल्या निर्णयांचीं फळें आपल्या मंडळ्यांत अजून दिसत आहेत.

दार उघडतांच ठिकठिकाणीं दोन पक्ष दिसूं लागले. एक पक्ष म्हणे, "आठवड्याचा बाजार भरतो, एस. टी. उभ्या माणसांनीं भरून जाते, उसाच्या फडांत टोळीच्या टोळी एकत्र राबते. मग देवाच्या घरांतच भीति कां? ज्यानें आजवर राखिलें तो येथें राखणार नाहीं काय?" दुसरा पक्ष म्हणे, "आमच्या घरीं दम्यानें खंगलेली म्हातारी आहे, घरधन्याला मधुमेह आहे. तुम्ही चार गीतें मोठ्यानें गाल आणि तिरडी मात्र आमच्या दारांतून निघेल." पहिल्यांनीं दुसऱ्यांस अल्पविश्वासी म्हटलें, दुसऱ्यांनीं पहिल्यांस निर्दय म्हटलें. दोघांच्या बोलण्यांत कांहीं सत्य होतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. पोटासाठीं जो धोका मनुष्य रोज पत्करतो त्याचा अंशही उपासनेसाठीं पत्करूं नये असें जो म्हणतो, तो उपासना भाकरीहून हलकी समजतो. आणि शेजाऱ्याच्या जिवावर जो आपली भक्ति चालवितो, त्याला भक्तीचा अर्थच कळला नाहीं.

करिंथ येथील मंडळींत ह्याच जातीचा एक तंटा होता. प्रभुभोजनासाठीं सर्व जमत. परंतु ज्यांच्यापाशीं अन्न होतें ते आधींच जेवून घेत आणि जे गरीब होते ते उपाशी राहत. पौलानें त्यांस कडक शब्दांनीं दटाविलें, पण शेवटीं सांगितलेला उपाय फार साधा आहे. जेवावयास जमाल तेव्हां एकमेकांसाठीं थांबा, आणि ज्यास भूक आवरत नसेल त्यानें आपल्या घरीं खावें. भोजन बंद करा असें तो म्हणत नाहीं. ज्यास आधीं मिळालें त्यानें आधीं उरकावें, असेंही तो म्हणत नाहीं. भोजन चालावें, पण मागून येणाऱ्याचा वांटा धरून चालावें, एवढेंच त्याचें म्हणणें. ज्यास आज येतां येतें तो उद्यां येणाऱ्यास हिशेबांत धरीत नसेल, तर तेथें गर्दी असेल, मंडळी नसेल. आमच्या प्रश्नाची किल्ली ह्या उपदेशांत आहे असें मला वाटतें.

परंतु कोणी विचारील, सावधगिरीनें थांबणें हा विश्वासाचा अभाव नव्हे काय? सन १५२७ मध्यें जर्मनींतील विटेनबर्ग शहरांत महामारी आली, तेव्हां मार्टिन लूथर शहर सोडून न जातां आजाऱ्यांच्या सेवेस राहिला. त्याच सुमारास मरणाच्या सांथींत पळून जावें काय, ह्या प्रश्नावर त्यानें एक पत्र लिहिलें. त्यांत त्यानें दोन्ही बाजूंस कान उघडून ऐकावयास लाविलें आहे. शेजाऱ्यास गरज असतां त्यास टाकून पळणें त्यानें दोषास्पद ठरविलें. आणि औषध न घेतां, घर धुरावून शुद्ध न करितां, कारण नसतां जेथें तेथें हिंडून आपला धीटपणा मिरविणें हेंही त्यानें देवाची परीक्षा पाहणें म्हणून धिक्कारलें. प्रभूस सैतानानें मंदिराच्या शिखरावर नेलें ती गोष्ट आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. देव सांभाळील हें खरें असूनही प्रभूनें उडी घातली नाहीं.

शिवाय, हेतु चांगला असला म्हणजे रोग बाजूस सरतो असें नाहीं. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत एका खेड्याच्या मंडळीचे मार्च २०२० च्या पहिल्या पंधरवड्यांत मुलांचा कार्यक्रम व शास्त्राभ्यास असे मेळावे झाले. त्यांस ९२ माणसें हजर होतीं. त्यांपैकीं ३५ जणांस करोना झाल्याचें ठरलें व तिघे वारले. पुढें त्या मंडळीच्या संसर्गानें गांवांतील आणखी निदान २६ जणांस रोग लागला आणि त्यांतलाही एक गेला. त्या बंधूंनीं कांहीं पाप केलें नव्हतें. रोग आपल्यामध्यें आला आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि कळतांच त्यांनीं आपलें दार बंद केलें. परंतु ही हकीकत ज्यांच्या कानीं आली त्यांस 'ठाऊक नव्हतें' असें पुन्हां म्हणतां येत नाहीं. ज्ञान मिळालें कीं त्याबरोबर कर्तव्यही येतें. आणि मंडळीबाहेरील तें चौथें प्रेत आपल्यास सांगतें कीं, उपासनेंत आपण घेतलेल्या धोक्याचें मोल उपासनेस न आलेला मनुष्यही भरतो.

आतां दुसरी शंका. एकत्र जमण्याची रीत बदलली, दिवस बदलला, जागा बदलली, तर ती उपासना कमी प्रतीची होत नाहीं काय? ह्याचें उत्तर गणनेच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत आहे. वल्हांडणाच्या दिवशीं कांहीं माणसें प्रेताचा स्पर्श झाल्यामुळें अशुद्ध होतीं. त्यांस सण पाळतां येईना. तीं मोशेकडे येऊन म्हणालीं कीं, आम्हांस कां वगळावें? मोशेनें आपल्या मनचें उत्तर दिलें नाहीं. परमेश्वर काय सांगतो हें ऐकेपर्यंत थांबा, असें त्यानें सांगितलें. आणि आज्ञा झाली कीं, जो प्रेतस्पर्शानें अडला असेल किंवा लांबच्या प्रवासांत असेल त्यानें दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशीं तोच सण पाळावा. पाहा, नियमशास्त्रानेंच अडलेल्यांसाठीं दुसरी तिथि ठेविली. तो उरलासुरला सण नव्हता. तेंच कोंकरूं, तीच बेखमीर भाकर. आमच्यापैकीं किती जणांनीं त्या दोन वर्षांत प्रेतें पाहिलीं! किती कुटुंबें ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर लांबच्या कारखान्यांवर होतीं! त्यांच्यासाठीं दुसरी तिथि ठेवणें हें ढिलेपण नसून आज्ञापालन आहे.

म्हणून ज्या मंडळ्यांनीं एकाऐवजीं दोन लहान उपासना केल्या, म्हाताऱ्यांसाठीं वेगळी वेळ ठेविली, किंवा घरोघरीं जाऊन अंगणांतच प्रभुभोजन दिलें, त्यांनीं कांहीं गमाविलें नाहीं. सर्वांनीं एकच प्याला ओठांस लावण्याऐवजीं लहान वेगळे पेले वापरण्यासही कोणी बिचकूं नये. अमेरिकेंतील कांहीं मंडळ्यांनीं ती रीत १८९० च्या दशकांतच, रोगजंतूंचें ज्ञान झाल्यावर, धरिली होती. बांक फिनेलनें पुसण्यावर आरंभीं आपण फार भर दिला. पुढें असें दिसून आलें कीं, हा रोग मुख्यतः माणसांच्या श्वासांतून, कोंडलेल्या हवेंत पसरतो. म्हणजे पुसलेल्या बांकापेक्षां उघडी खिडकी अधिक कामाची. येथें खेड्यांतील मंडळ्यांस देवानें एक देणगी दिली होती. ज्यांच्यापाशीं पक्कें मंदिर नाहीं आणि ज्या आजवर त्याबद्दल खंत करीत, त्यांच्या लिंबाच्या झाडाखालच्या सतरंज्या शहरांतील बंद दिवाणखान्यापेक्षां अधिक निर्धोक ठरल्या.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हें लिहावयास घेतलें तिच्याकडे वळूं. वाट पाहण्याचें ओझें सर्वांवर सारखें पडलें नाहीं. ह्या रोगानें म्हाताऱ्यांस अधिक मारिलें, मुलांस फार कमी. तरी मुलांनीं व तरुणांनीं आपल्या आजाआजींसाठीं थांबावें असें आपण त्यांस सांगितलें, आणि तें योग्यच होतें. पण तें थांबणें किती महाग होतें! महाराष्ट्रांतील ग्रामीण भागांत इयत्ता पांचवी ते बारावीच्या शाळा सरसकट ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडल्या. पंधरा वर्षांवरील मुलांस लस ३ जानेवारी २०२२ पासून मिळाली, बारा वर्षांवरील मुलांस त्याच वर्षाच्या १६ मार्चपासून. तोंवर घरांत एकच मोबाईल, तोही बापाबरोबर रानांत गेलेला. कित्येक मुलगे मजुरीस लागले ते लागलेच. कित्येक मुलींचीं लग्नें वय भरण्यापूर्वींच उरकलीं. मंडळीतही मोठ्यांची उपासना आधीं सुरू झाली. शब्बाथशाळा, तरुण संघ, नाताळांतील रात्रीचीं गीतें व मे महिन्यांतील शिबिर हीं सर्वांच्या शेवटीं, आणि कित्येक ठिकाणीं अद्याप नाहींतच.

मग मोठी माणसें परत येऊन आपापल्या जागीं बसलीं आणि मागें वळून म्हणूं लागलीं, "तरुण कोठें आहेत? मोबाईलनें हीं पोरें बिघडविलीं." बंधूंनो, हें बोलणें न्यायाचें नाहीं. मार्च २०२० मध्यें जो मुलगा तेरा वर्षांचा होता तो, दार खरोखर उघडलें तेव्हां, पंधरा ओलांडून गेला होता. ज्या वयांत मनुष्य मंडळीस आपली म्हणूं लागतो तें वय त्यानें आमच्यासाठीं बाहेर घालविलें. त्यानें आमच्यासाठीं दोन वर्षें वाट पाहिली. आतां त्याच्यासाठीं वाट पाहणें आमच्याकडे लागतें. हें उपकार करणें नव्हे, देणें फेडणें आहे. पौलाचा शब्द 'एकमेकांसाठीं' असा आहे. बलवानानें दुर्बलासाठीं थांबावें हें आपण शिकलों; पण सांथींत जो दुर्बल होता तोच सांथीनंतर बलवान झाला आहे. पंचांच्या बैठकींत तोच बसतो, घंटा केव्हां वाजवावी तें तोच ठरवितो. आतां थांबण्याची पाळी त्याची.

वाट पाहणें म्हणजे हात बांधून बसणें मात्र नव्हे. जो तरुण सभासदत्वाच्या तयारीच्या वर्गास मुकला त्यास आज बारा वर्षांच्या पोरांच्या पंक्तीस बसवाल तर तो येणार नाहीं. त्याच्यासाठीं वेगळा वर्ग, त्याची मजुरी सुटल्यावर, म्हणजे दुसऱ्या महिन्याचा वल्हांडण, ठेविला पाहिजे. जी मुलगी लेंकरूं कडेवर घेऊन परगांवीं नांदत आहे, तिचें नांव तेथील मंडळीच्या उपदेशकास कळविलें पाहिजे. सांथींत ज्यांनीं म्हाताऱ्यांस मोबाईलवर उपासना लावून दिली, दुकानांतून त्यांचें सामान आणून दारांत ठेविलें, ते बहुतेक तरुणच होते. अशांस 'परत या' म्हणण्यापूर्वीं त्यांनीं केलेल्या सेवेबद्दल आभार मानावे, आणि मग एखादें काम सोंपवावें. ज्यास काम नाहीं त्यास जागा आपली वाटत नाहीं.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. गणनेच्या त्याच अध्यायांत असेंही आहे कीं, जो अडलेला नसून, प्रवासांतही नसून सण टाळील त्याचा दोष त्याच्याच माथीं राहील. दुसरी तिथि महिन्यानें होती. ती वर्षानुवर्षें पुढें सरकत गेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं ह्या सांथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. त्यानंतरही जो धडधाकट मनुष्य खाटेवर पडून मोबाईलवरील उपदेशानें आपलें समाधान करून घेतो, पण बाजार चुकवीत नाहीं, त्यानें आपल्यासाठीं कोणी थांबावें असा हक्क सांगूं नये. ज्याची वाट पाहिली जाते त्यानेंही निघालें पाहिजे. नाहीं तर थांबणाऱ्यांची प्रीति वायां जाते.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं उपासनेनंतर एक लहानसें काम करा. सन २०२० पूर्वींची हजेरीची वही काढा आणि पंचांबरोबर बसून एक एक नांव वाचा. कोण निजला, कोण स्थलांतर करून गेला, कोण अजून भितो, कोण रुसला, आणि कोणाला कोणींच विचारलें नाहीं, हें वेगवेगळें लिहा. शेवटच्या यादींत तरुणांचीं नांवें अधिक निघतील. त्या यादींतील प्रत्येकाच्या घरीं पुढील रविवारपूर्वीं कोणी तरी जावें. जो आपल्या सर्वांसाठीं थांबला, तो प्रभु आपल्यास एकमेकांसाठीं थांबावयास धीर देवो.