‘काई नाई होत, बस’

बोटीत बसायचं की नाही, हे लहान मूल कधीच ठरवत नाही. तिकीट मोठ्यांनी काढलेलं असतं, आभाळाकडे काणाडोळाही मोठ्यांनीच केलेला असतो. मुलाजवळ असतो तो फक्त हात धरणाऱ्यावरचा भरवसा. म्हणून बुडालेल्या बोटींतून वाचलेल्या मुलांच्या आठवणी मला चौकशीच्या अहवालांपेक्षा मोलाच्या वाटतात. बोट का बुडाली ते अहवाल सांगतो. त्या घटकेला मोठी माणसं कशी दिसली, ते मुलंच सांगू शकतात.

17 जुलै 1947. आषाढ अमावास्येचा सण तोंडावर. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ सणाला घरी जाणाऱ्यांनी खच्चून भरली होती. लोक जिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिची ही बोट. संताचं नाव, रोजचा मार्ग, जेमतेम दीडेक तासाचा प्रवास. शंका कोणाला येणार? काशाच्या खडकाजवळ लाटेनं बोट कलली, माणसं घाबरून एका अंगाला धावली आणि ती उलटली. सहाशेच्या वर जीव गेले. बिनतारी यंत्र नसल्यानं मुंबईला कळायलाही संध्याकाळ होत आली. वाचलेल्यांत एक दहा-बारा वर्षांचा पोरगा होता. म्हातारपणीही तो ती सकाळ सांगत असे. देश त्यानंतर महिन्याभरात स्वतंत्र झाला आणि त्या आनंदात ‘रामदास’ मागे पडली. त्याच्यासाठी मात्र नाही.

आम्हा अमरावतीच्या राजापेठेतल्या माणसांचा समुद्र म्हणजे सुटीतली मुंबई. संध्याकाळच्या गाडीत डबे घेऊन बसायचं आणि गेटवेवरून घारापुरीची लाँच धरायची, त्याशिवाय पोरांची मुंबई पुरी होत नाही. त्याच वाटेवर 18 डिसेंबर 2024 रोजी ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली. 15 माणसं गेली. मदतीला पोचलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी नंतर सांगितलं, की बोट बुडतेय म्हणून काही आईबाप आपली लेकरं पाण्यात टाकायला निघाले होते. जवानांनी त्यांना थांबवलं आणि मुलं आधी उतरवून घेतली. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. त्या आईबापांची माया खरीच होती, त्यांना दोष कोण देईल? पण ज्या हातांनी आजवर धरलं, तेच हात आपल्याला पाण्यावर धरताहेत, हे दृश्य घेऊन ते लेकरू मोठं होणार.

आणि हे समुद्रापुरतं नाही. 14 सप्टेंबर 2021 ला आमच्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यातल्या झुंजजवळ, वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेल्या एकाच कुटुंबातली 11 माणसं बुडाली. त्यांत एक चिमुकलीही होती.

मागे एका तळ्यावर मी पाहिलं: चारेक वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाचं नारिंगी जॅकेट घातलेलं. पट्टा पोटाला दोन वेढे घेऊनही सैल, खांदे कानांच्या वर. पाण्यात पडलं असतं तर जॅकेट तरंगलं असतं आणि पोरगं खालून निसटलं असतं. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा लागतो, तो याचसाठी. पोरगं बापाला विचारत होतं, “बाबा, हे निघते ना?” बाप म्हणाला, “काई नाई होत, बस.”

मी नाववाल्याला लहान मापाचं मागितलं. नव्हतं. त्या बापाशी मी बोललो, तो जरा चिडला, मग पोराला घेऊन खाली उतरला. पोरगं रडलं, पैसे परत मिळाले नाहीत. बाप त्याला जॅकेट पुन्हा घालून पट्टा कुठून निसटतो ते दाखवत होता.