हरलेल्या खटल्यांची मिळकत

कोथरूडमध्ये पत्ता सांगताना 'कर्वे पुतळा' एवढे म्हटले की पुरते. तिथून एक रस्ता कर्वेनगरकडे जातो, दुसरा कोथरूड गावठाणाकडे. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये तिथल्या माळावर हलला आणि पुढे त्या माळाभोवती स्त्रीशिक्षणाचे एक गावच वसले. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. त्यानंतर मुरूड या त्यांच्या मूळ गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले, त्यांच्या घरच्यांनाही त्याची झळ लागली. हे सारे मराठी घरांमध्ये पाठ आहे. या कथेतली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १८९३ साली कायदा कर्व्यांच्या बाजूने होता, आणि तोही तब्बल सदतीस वर्षांपासून.

हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. त्याने असा विवाह वैध ठरवला, त्यातून होणाऱ्या संततीला औरस मानले. गावाने पंगतीतून उठवू नये, पाणी तोडू नये, एवढी ताकद मात्र त्या कायद्यात नव्हती. शिवाय त्याच्या दुसऱ्या कलमात एक काटा होता. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्या कलमाने संपत असे. ज्या जातींमध्ये पाट लावण्याची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करण्याची, रीत आधीपासूनच होती, त्यांतल्या बायकांना या कायद्याची मुळात गरज नव्हती. तरीही विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यांनाही तेच कलम लावले. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने उलट मत दिले होते. मुंबईचा निकाल १८९६ चा, म्हणजे आश्रम निघाला त्याच वर्षीचा. सुधारणेसाठी आणलेल्या कायद्याने कुणबी-माळ्याच्या घरातल्या विधवेचे शेत काढून घ्यावे, आणि ब्राह्मण विधवेला तो वापरायचा म्हटला तर गाव सोडावे लागावे, अशी ती स्थिती होती.

कायदा बाजूने असून समाज विरोधात, ही वडिलांची कथा. मुलाच्या वाट्याला दोन्ही विरोधात आले.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षींच्या पहिल्या पत्नी राधाबाई यांचे चिरंजीव. जन्म १८८२ चा. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि त्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' निघाले. पत्नी मालतीबाईंच्या साथीने, पदरमोड करून, त्यांनी ते नोव्हेंबर १९५३ पर्यंत चालवले. शेवटचा अंक बाहेर पडला तेव्हा संपादक हयात नव्हते. लैंगिक आरोग्य, गर्भनिरोधन, स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा अधिकार हे विषय त्या मासिकात साध्या, रोखठोक मराठीत येत. वाचकांची पत्रे येत आणि त्यांना उत्तरे छापली जात. विचारायला घरात कोणी नाही आणि डॉक्टरांपुढे जीभ रेटत नाही, अशा माणसांसाठी ती उत्तरे होती.

१९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला. शंभर रुपये दंड झाला, अपील फेटाळले गेले. १९३४ मध्ये दुसरा खटला आला. या वेळी निमित्त होते गुजराती अंकातल्या प्रश्नोत्तरांचे. प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते, समलिंगी आकर्षणाविषयी होते. कर्व्यांनी भीती न घालता, शास्त्रात जे सापडले ते सांगितले होते. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

न्यायालयापुढची मुख्य शंका अशी होती की, असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला? आंबेडकरांचे म्हणणे होते की, मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे. त्या विषयावर वाचक विचारणार आणि संपादकाने उत्तर देणे हे त्याचे कामच आहे. समजा प्रश्नात विकृती असली, तरी ती ज्ञानाशिवाय दुसऱ्या कशाने जाणार? समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाच्या अभ्यासाचा आधार दिला आणि अशा माणसांनी आपले सुख आपल्या पद्धतीने शोधण्यात गैर काय, असा पवित्रा घेतला. हे सारे १९३४ सालच्या मुंबईत, जिथे ते कृत्य स्वतःच दंडनीय गुन्हा होते. खटला एप्रिलमध्ये संपला. कर्वे हरले. दंड दोनशे रुपये.

त्या दिवसांत खुद्द आंबेडकरांविरुद्धचाही एक दावा उच्च न्यायालयात पडून होता. महाडच्या चवदार तळ्याचा. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले आणि परतताना मार खाल्ला. सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टात धाव घेऊन तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे जमलेली असताना आंबेडकरांनी तळ्यावर जाणे थांबवले. कोर्टाचा मान राखला आणि कोर्टातच लढायचे ठरवले. महाडचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याचा १९३३ मध्ये, आणि उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी. तिन्ही ठिकाणी आंबेडकरांची बाजू जिंकली. एका तळ्यावर ओंजळ भरायला सव्वानऊ वर्षे लागली.

या दोन खटल्यांची निकालपत्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. महाडचा दावा जिंकला, पण कशावर? तळे नगरपालिकेचे होते, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करणारी रूढी अनादिकालापासून चालत आली आहे हे वादींना शाबीत करता आले नाही. तेवढ्यावरच निकाल लागला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती, ते आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अस्पृश्यता अन्याय्य आहे असा काही निवाडा दिला नव्हता. वादींनी भक्कम पुरावा आणला असता तर? रूढी सिद्ध झाली असती आणि तळे बंद राहिले असते. उलट कर्व्यांच्या खटल्यात हरलेल्या बाजूने मांडलेला मुद्दा कितीतरी व्यापक होता. प्रौढ माणसाला स्वतःच्या देहाविषयी जाणून घेण्याचा हक्क आहे, आणि बहुसंख्यांना किळस वाटते म्हणून तो हिरावता येत नाही, असा तो मुद्दा. जिंकलेला दावा पुराव्याच्या फटीतून जिंकला आणि हरलेला खटला तत्त्वावर लढला गेला.

म्हणूनच नागरी हक्कांचा इतिहास नुसत्या विजयांच्या तारखांनी सांगणे हे अपुरे तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारेही आहे. तशा इतिहासात न्यायालय हा जणू हक्क वाटणारा दाता ठरतो. प्रत्यक्षात तिथे आधी कोणालातरी हरण्याची तयारी ठेवून जावे लागते.

अश्लीलतेचा कायदा पुढे कसा सरकला ते पाहावे. कर्व्यांना ज्या कसोटीने तोलले ती १८६८ सालच्या हिकलिन खटल्यातली. मजकूर ज्याचे मन सहज बिघडू शकते अशाच्या हाती पडला तर काय होईल, हे ती कसोटी विचारते. म्हणजे सर्वांत कच्च्या वाचकाच्या मापाने सगळ्यांचे वाचन कापायचे. स्वातंत्र्यानंतरही ती गेली नाही. मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांना लॉरेन्सची कादंबरी विकल्याबद्दल झालेली शिक्षा १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कसोटीवर कायम केली. मग चंद्रकांत काकोडकरांची कथा आली, 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली. उच्च न्यायालयाने त्यांना पंचवीस रुपये दंड केला होता. रक्कम क्षुल्लक, पण काकोडकर दिल्लीपर्यंत गेले आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटले. समकालीन समाजाच्या धारणा लक्षात घ्याव्या लागतील, आणि लैंगिक उल्लेख आला एवढ्यानेच कथा अश्लील ठरवली तर तरुणांना धार्मिक ग्रंथांखेरीज वाचायला काही उरणार नाही, अशा आशयाचे न्यायालय बोलले. हिकलिनची कसोटी उघडपणे बाजूला पडायला २०१४ साल उजाडले. पुढच्याच वर्षी, मे २०१५ मध्ये, वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आदरणीय ऐतिहासिक व्यक्तींच्या बाबतीत मोजपट्टी पुन्हा कडक केली. दोन पावले पुढे गेलेले न्यायालय एक पाऊल मागेही येते.

सप्टेंबर २०१८ ची गोष्ट तर मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २७ सप्टेंबरला व्यभिचाराचा गुन्हा ठरवणारे ४९७ वे कलम रद्द केले. 'समाजस्वास्थ्य'वरच्या त्या दोन खटल्यांचे हेच दोन विषय होते. तीन आठवड्यांत दोन्ही कलमांची जरब संपली. दुसऱ्या निकालात आणखी एका बाप-लेकाची कथा गुंतलेली आहे. ४९७ वे कलम १९८५ मध्ये वैध ठरवणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड हे पुण्यात जन्मलेले आणि इथल्याच आयएलएस विधि महाविद्यालयात शिकलेले. त्या महाविद्यालयामागची टेकडी उतरली की कोथरूड लागते. २०१८ च्या खंडपीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते आणि वडिलांचा निर्णय चुकीचा ठरवणाऱ्या निकालात त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले.

इथे सावध राहायला हवे. १९३४ पासून २०१८ पर्यंत एक सरळ रेघ ओढली की मनाला बरे वाटते, पण ती रेघ खरी नाही. कर्व्यांच्या शिक्षेमुळे कोणते कलम पडले नाही. मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत असंख्य माणसे त्या कलमांच्या धाकात जगली आणि गेली. १९५३ मध्ये कर्वे वारले तेव्हा त्यांच्या पदरी कोर्टाच्या शिक्षा, गमावलेली नोकरी आणि तोट्यातले मासिक होते. त्यांना 'शेवटी सत्य जिंकतेच' असे सांगणे म्हणजे त्यांनी मोजलेली किंमत नाकारणे. सत्य आपोआप जिंकत नाही, आणि पुष्कळदा ज्याने किंमत मोजली त्याला ते जिंकताना दिसत नाही.

मग हरलेल्या खटल्याने नेमके काय दिले? पहिली गोष्ट, मासिक बंद पडले नाही. शिक्षेनंतर एकोणीस वर्षे वाचकांचे प्रश्न येत राहिले आणि छापले जात राहिले. दुसरी गोष्ट, मुद्दा कोर्टातून कायदेमंडळात गेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला, त्याचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. प्रस्ताव फेटाळला गेला, म्हणजे तिथेही हारच. पण चार वर्षांपूर्वी अश्लील ठरलेल्या माणसाच्या कामाचा विषय आता सभागृहाच्या नोंदीत गेला होता. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. पाण्यासाठी लढणाऱ्या माणसाने देहाविषयीच्या ज्ञानाचा खटलाही आपला मानला. हक्कांची जातवार, विषयवार वाटणी त्याने होऊ दिली नाही. मध्यमवर्गीय सुधारणेला तोवर हे जमले नव्हते.

ही नजर घेऊन आजच्या एका हरलेल्या खटल्याकडे पाहता येते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपुरता विषय संपला. पण त्याच निकालाच्या अनुषंगाने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन गोष्टी लेखी स्पष्ट केल्या. अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल व एकमेकांना नामनिर्देशित करता येईल. आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले मानले जाईल.

मागितले त्या मानाने हे थोडेच आहे. विवाहनोंदणी नाही, एकत्र दत्तक घेता येत नाही, वारसा नाही, कुटुंबनिवृत्तिवेतन नाही. रुग्णालयाच्या अर्जावर 'नाते' या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या दारात उभ्या माणसाला आजही पडतो. तरी कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या बँकेच्या शाखेत दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी संयुक्त खात्याचा अर्ज पुढे केला, तर त्यांच्या बाजूने आता सरकारी पत्र आहे. ते पत्र आले ते हरलेल्या खटल्यामुळे. पुढचे काम शाखेतल्या अधिकाऱ्याचे, सोसायटीच्या कमिटीचे, घरमालकाचे आणि शेजाऱ्यांचे आहे. १८९३ साली मुरूडने कायदा असूनही कर्व्यांना वाळीत टाकले होते. तसे इथे होऊ न देणे कोथरूडकरांच्या हातात आहे, आणि त्यासाठी पुढच्या निकालाची वाट पाहण्याचे काही कारण नाही.