मीसेनसचा वाडा

रोमजवळच्या तिवोली गावी, कड्यावर, काही प्राचीन अवशेष आहेत. पूर्वी लोक त्यांना मीसेनसचा वाडा म्हणत. व्हर्जिल आणि होरेस या कवींना ज्याने आश्रय दिला, तो हा मीसेनस. १७५० साली इटलीत गेलेल्या रिचर्ड विल्सन या वेल्श चित्रकाराने ते अवशेष त्याच नावाने रंगविले. त्या चित्राची छापील प्रत दाखवून मी एकदा वर्गात कृतज्ञतेवर बोललो होतो.

पुढे वाचनात आले, की तो वाडा नव्हेच. ते हर्क्युलिसचे देवस्थान. मी खजील झालो. चूक कबूल करावी, की मुलांच्या मनातली भावना जपावी?

भावना खरी असली, की तिचा आधार खोटा असला तरी चालतो, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. मला ते पटेना. दगडांनी कोणाचेच नाव सांगितले नव्हते. आश्रयदात्याची आठवण माणसांना हवी होती, म्हणून त्यांनी ते दिले. विल्सनलाही ती हवी असावी. रॉयल अकादमीचा हा संस्थापक सभासद उतारवयात विपन्न झाला आणि १७७६ मध्ये तिथेच ग्रंथपाल म्हणून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सारे सांगितले. एकाने विचारले, "मग गुरुजी, कृतज्ञ राहायचं नाही का?"

राहायचे, पण ऋण कोणाचे, हे नीट पारखून. त्या चित्रातला उजेड तरी विल्सनचाच आहे. त्याचे ऋण मी निःशंकपणे मानतो.