आपला हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क



परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा म्हणून जे गाव आहे, तेथील जुनी देवळे, उंच दगडी स्तंभ आणि पायऱ्यांची बारव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. बारवेच्या काठी उभे राहिले म्हणजे एक विचार सहज मनात येतो. पाणी तळाशी आहे, पायऱ्या दगडाच्या आहेत, आणि उतरणाऱ्याची जात दगड कधी विचारीत नाही. विचारतो तो माणूस. ह्याच चारठाण्यास उपदेशकांची एक लहानशी बैठक भरली असता पाण्यावरूनच एक प्रश्न निघाला, आणि तो केवळ पाण्याचा नाही असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

प्रश्न निघण्याचे कारण असे. आमच्या एका वस्तीवर, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, बोअरचा हापसा आहे. तो मिळवण्यासाठी आमच्या लोकांनी पुष्कळ खेटे घातले, अर्ज दिले, बोलणी खाल्ली. उन्हाळ्यात त्या वस्तीजवळ पारध्यांची तीन पाले पडली. त्यांतील एक बाई कळशी घेऊन आली, तेव्हा आमच्यातील एका मनुष्याने तिला हापशास हात लावू दिला नाही. "बाजूला ठेव कळशी, मी भरून देतो," असे म्हणून त्याने वरून पाणी ओतले. पाणी दिले हे खरे. शिवी दिली नाही हेही खरे. मी तेथे हजर होतो, आणि बाईला पाणी तर मिळाले, मग झाले, असे मनाशी म्हणून गप्प राहिलो. आमच्या मंडळीतील एक म्हातारी बाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, वरून वतलेल्या पाण्याची चव मला अजून याद हाय." मला उत्तर सुचले नाही.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा एका तरुण उपदेशकाने स्पष्टच विचारले, "तो हापसा आम्ही कष्टाने मिळवला आहे. आज पारधी, उद्या आणखी कोणी. सर्वांनीच हक्क मागावयाचे म्हटले तर आमच्या वाट्यास काय उरणार?" हा प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, भीतीने विचारला होता. म्हणून त्यास रागाने उत्तर देणे योग्य नव्हे.

प्रथम हक्क आणि उपकार ह्यांतील भेद पाहू. उपकारात देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याची ओंजळ खाली असते. देणाऱ्याची मर्जी फिरली की पाणी थांबते. हक्कात मनुष्य आपल्या हाताने घेतो व कोणाचे उतराई होत नाही. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली श्री. सी. के. बोले ह्यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे असा ठराव आणला व तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तेथील चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु कागद कागदच राहिला. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांस मार खावा लागला, तळे 'शुद्ध' करण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि हायकोर्टाचा अनुकूल निकाल १९३७ साली लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! तहान भागवणे एवढाच हेतू असता तर कोणाकडून तरी घागर भरून घेता आली असती. त्यांस हवे होते ते आपल्या हाताने घेतलेले पाणी.

कोणी म्हणतील, ख्रिस्ती मनुष्याने सोसावे, हक्क मागू नये. त्यांनी पौलाची गोष्ट पुन्हा वाचावी. फटके मारण्यास बांधले असता त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि चाबूक थांबवला. पण तेथेच आणखी एक गोष्ट आहे. त्या सरदाराने ते नागरिकत्व मोठी रक्कम देऊन घेतले होते, आणि ज्यांच्याजवळ जन्म नाही व पैसाही नाही अशांस चाबूक चुकत नव्हता. जो हक्क थोड्यांचा असतो त्यास सवलत म्हणावे. सर्व मनुष्ये एकाच उत्पन्नकर्त्याची असे आपण मानतो, तर मनुष्यपणाचा हक्कही सर्वांचाच असला पाहिजे.

आता दुसरी गोष्ट अशी की कोणत्याही समाजास हक्काची जाणीव एकट्याने झालेली नाही. एकाने दुसऱ्यापासून ती घेतली आहे. जोतीराव फुले ह्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ताबाई नावाची मांग समाजातील मुलगी होती. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला, त्याचा विषय मांग व महार ह्यांचे दुःख. तिने केवळ आपल्या जातीचे गाऱ्हाणे मांडले नाही. मांग आणि महार अशी दोन्ही नावे तिने एकत्र घातली. एका शाळकरी मुलीस जे समजले ते आपणां मोठ्यांस अजून जड जाते. पुढे १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली त्यांस अर्पण केले. पुण्याच्या मनुष्याने सातासमुद्रापलीकडील गुलामांत आपले भाऊ ओळखले.

पुढील काळात त्याच अमेरिकेत काय घडले ते आपल्या विषयास उपयोगी आहे. माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स ह्या कृष्णवर्णीय बाईने बसमधील जागा गोऱ्या मनुष्यासाठी सोडण्याचे नाकारले, आणि पाळक मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या पुढारीपणाखाली मोठी चळवळ उभी राहिली. नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला. त्यानंतर ती जाणीव एका समाजापुरती राहिली नाही. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजूर आणि मेक्सिकन वंशाचे मजूर असे दोन वर्ग होते. एकाने संप केला की मालक दुसऱ्यास कामावर आणीत, आणि दोघेही उपाशी राहत. डेलानो येथे सप्टेंबर १९६५ मध्ये फिलिपिनो मजुरांनी काम बंद केले, तेव्हा सुमारे आठवडाभरात मेक्सिकन मजूर त्यांच्या बाजूने उभे राहिले. संप पाच वर्षे चालला व मळेवाल्यांस करार करावे लागले. सॅन फ्रान्सिस्को येथे १९७७ साली सुमारे दीडशे अपंग लोक व त्यांचे साथी आपल्या हक्कांसाठी सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांस गरम जेवण कोणी पोहोचवले? 'ब्लॅक पँथर' ह्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने. आणि ह्याच नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' स्थापिली होती. अशा रीतीने अमेरिकेतील विचार महाराष्ट्रात आला.

आपल्याकडेही तसेच घडले आहे. हमीद दलवाई ह्यांनी १९६६ साली मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद व्हावा अशी त्यांची मागणी होती. सातच जणी म्हणून लोक हसले असतील. असा एकदम तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्यावरील तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. त्यांच्यातील लेखकांनी पुढे आपली कथा आपणच लिहिली. लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' १९८० साली व लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांस आपण हसण्याचा विषय करतो त्या तृतीयपंथी जनांसही स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले. दार एकदा उघडले की मागून येणाऱ्यांची पावले ऐकू येतात.

ह्या पावलांचीच आपल्या तरुण उपदेशकास भीती वाटली. तिचे उत्तर देण्यासाठी हक्कांचे दोन प्रकार ध्यानात ठेवू या. काही हक्क दिव्यासारखे आहेत. एका दिव्याने दुसरा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही. हापशास हात लावणे, मंदिरात किंवा शाळेत पाऊल टाकणे, मत देणे, पोलिसाने उगाच न मारणे, लोकांनी नावाने हाक मारणे, हे सर्व ह्या प्रकारचे. पारध्याच्या बाईने हापसा हलवला म्हणून आमचा हक्क एक थेंबही घटत नाही. जो म्हणतो घटतो, त्याचा हक्क घटत नसून मोठेपणा घटत असतो.

दुसरे हक्क भाकरीसारखे आहेत. नोकरीच्या जागा, वसतिगृहातील खोल्या, घरकुले ही मोजकी असतात व वाटून घ्यावी लागतात. येथे भीती खोटी नाही, आणि ती खोटी आहे असे मी सांगणार नाही. पण भाकर वाटण्याचीही रीत आहे. शहाणी आई पंक्तीत कोण आधी येऊन बसला हे पाहत नाही. कोण अजून जेवला नाही हे पाहते. अनुसूचित जातींमध्ये जे अधिक मागे राहिले त्यांच्यासाठी राज्यांस वेगळा वाटा ठरवता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. मातंग समाजाची ही जुनी मागणी आहे. वाटा कसा ठरवावा ह्याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु 'मी अजून जेवलो नाही' असे म्हणणाऱ्यास फितूर म्हणणे हा अन्याय आहे. तसेच पंक्तीतील दोघे एका भाकरीवरून भांडत बसले म्हणजे एवढ्या मोठ्या घरात पीठ एकाच भाकरीचे का मळले, हे विचारण्याचे राहून जाते.

ह्यात आपलाही प्रश्न आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. शिखांस १९५६ साली व बौद्धांस १९९० साली त्या यादीत स्थान मिळाले. ख्रिस्ती व मुसलमान झालेले दलित बाहेर राहिले. धर्म बदलला तरी गावाने जात विसरली नाही, हे तुम्हांस मी सांगावयास नको. ही मागणी न्याय्य आहे असे मला वाटते. परंतु ती मागताना आपल्या घरात डोकावावे. अजूनही सोयरीक ठरवताना आपल्या मंडळीत हळूच विचारले जाते, "मूळचे कोण? महारांतले की मांगांतले?" ज्या तोंडाने आपण दिल्लीस न्याय मागतो त्याच तोंडाने हे विचारतो. दाखल्यातील जात सरकारने लिहिली. ही कोणी लिहिली?

डॉ. आंबेडकरांनी ह्या व्यवस्थेचे वर्म दाखवले आहे. ती नुसती विषमता नव्हे, पायरीपायरीची विषमता आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणी आहे म्हणून तो रडतो, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणी आहे म्हणून तो ती मोडीत नाही. ती मोडावयाची तर वरच्याकडे बोट दाखवण्याबरोबर खालच्यास हातही द्यावा लागतो. मराठवाड्याने असा हात पाहिला आहे. विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि आपल्या जिल्ह्यांत घरे जळू लागली. त्या वेळी नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे ह्यांस जिवंत जाळण्यात आले. ते मातंग होते. हे नाव आमचे नाही, हा लढा महारांचा आहे, असे म्हणून बाजूस होण्याची वाट त्यांसही होती. विद्यापीठास ते नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले. त्या पाटीवर पोचीरामांचे नाव नाही, पण ती त्यांचीही आहे.

दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झालेला चाकर बाहेर येताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, ही प्रभूची गोष्ट आपण लेकरांस शिकवतो. तो चाकर आपणच आहो काय, हे हापशापाशी कळते.

तेव्हा, उपदेशकबंधूंनो, माझे उत्तर असे आहे. आपला हक्क कष्टाने मिळाला म्हणूनच तो दुसऱ्यास नाकारता येत नाही. कारण ज्या न्यायाने तो आपणांस मिळाला तोच न्याय त्या बाईच्या बाजूने बोलतो. तिला नाकारले तर आपल्या हाती हक्क राहत नाही, गावाची मेहेरबानी राहते, आणि मेहेरबानी फिरते. पालांतील मुलास शाळेत घालावयाचे असेल तर सोबत जा. त्यांस रेशनचे कार्ड नसेल तर अर्ज लिहून द्या. चोरी झाली की पोलीस प्रथम पालांकडे वळतात. तेव्हा खरे ठाऊक असेल तर खरे सांगण्यास पुढे व्हा. ग्रामसभेत त्यांच्या पाण्याचा विषय आपल्यापैकी एकाने काढावा.

पुढच्या उन्हाळ्यात पाले पुन्हा पडतील. मी त्या वस्तीवर जाणार आहे. ह्या वेळी गप्प राहणार नाही, असे त्या म्हाताऱ्या बाईस मी सांगितले आहे. ती म्हणाली, "बोलू नका जास्त. नुसता दांडा तिच्या हातात द्या."