दैवाचा क्रम पाचवा

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणाऱ्या महामार्गावर अवजड वाहने अनावर होऊन धडकतात किंवा उलटतात, तेव्हा प्रारब्धाकडे, म्हणजे फळ देऊ लागलेल्या पूर्वकर्माकडे, बोट दाखवले जाते. परंतु गीतेच्या १८व्या अध्यायातील कर्माच्या पाच कारणांत अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्यानंतरच दैव येते. तीव्र उतार हे अधिष्ठान, तापून निकामी झालेले ब्रेक हे करण आणि इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंजिनाचा रोध गमावणे ही चेष्टा मानली, तर एकट्या कर्त्याला, म्हणजे चालकाला, दोषी धरणे अन्यायाचेच ठरते. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८ अ रस्तेबांधणीची मानके न पाळणाऱ्या यंत्रणेला व कंत्राटदारालाही दंडपात्र ठरवते, म्हणजेच अधिष्ठानाचीही जबाबदारी मागते.